शंभर पॉइंट चार

ये वं, जवळ ये. हा कागद घेऊन पंख्याखाली नीट बस, आणि मी समोर बसून बोलून राहिली असं समज. आधी रागावते, मग सांगते. बेसा ते हुडकेश्वर असं किती दूर आहे, सांग बरं? स्कूटी काढली की दहा-पंधरा मिनिटं. माझे गुडघे गेले म्हणून मी येत नाही, तुझं काय गेलं? रोज सकाळी फोनवर गुलाबाचं फूल पाठवतेस, खाली जोडलेले हात. अवं, मी काय फोटोत जाऊन बसली का, फुलं वाहाले?

हो, मीच म्हटलं होतं की कोणी येऊ नका. पण तू माझ्या सख्ख्या बहिणीची लेक. मावशीच्या ‘नको’तलं किती ऐकायचं नि किती सोडायचं, हे तुला कळायला पाहिजे होतं. आणि माझ्या पोराला फोन करून विचारत जाऊ नकोस. तो सगळ्यांना ‘ठीक आहे’ म्हणतो. ऑफिसातही तेच म्हणतो, दूधवाल्यालाही तेच म्हणतो. ठीक नाही. गेलं वर्षभर आमच्या घरात एकच गोष्ट चालू आहे, की पोरीचा ताप जावा. ताप गेला तर तिला पुढची औषधं देता येतात, आणि पुढची औषधं अंगात गेली तरच पोरगी राहते. बाकी स्वयंपाक, धुणी, दिवाळी, सगळं त्याच्या आजूबाजूला होत गेलं. तोंडाने सांगायला बसले की गोष्ट अर्धी राहते, म्हणून लिहिते.

माझी नात सात वर्षांची. दुसरीत नाव आहे, पण दुसरीचा वर्ग तिने अजून आतून पाहिलेला नाही. मागच्या होळीच्या आधी तिच्या पायांवर निळे डाग दिसायला लागले. मी म्हटलं, पोरगी आहे का माकड, दिवसभर उड्या मारते, लागलं असेल कुठे. हळद लावली. मग बारीक ताप यायचा नि जायचा. आमच्या चौकातल्या डॉक्टरने दोनदा औषध बदललं. तोंड पांढरं पडत चाललं तेव्हा माझी सून म्हणाली, “आई, मी हिचं रक्त तपासून आणते.” रक्त तपासलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या दवाखान्यात. रक्ताचा कॅन्सर.

तिथली डॉक्टर बाई माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची असेल. तिने आम्हाला समोर बसवलं आणि सांगितलं की या वयातली पुष्कळ पोरं यातून निघतात, औषधं मात्र दोन-अडीच वर्षं चालतात. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आजी, कॅन्सरचं आम्ही पाहतो. तापाचं तुम्ही पाहायचं.”

मला वाटलं, म्हातारीला काहीतरी काम द्यायचं म्हणून बोलते. पण ती खरंच बोलत होती. तिने समजावलं, की औषधाने रोगाच्या पेशी मरतात, त्यांच्याबरोबर अंगाची राखण करणाऱ्याही मरतात. तेव्हा साधा जंतूही पोराला घेऊन जातो. थर्मामीटरवर शंभर पॉइंट चार दिसलं की तासाभरात दवाखान्यात. सण असो, लग्न असो, बाहेर पूर आलेला असो. “आणि आजी, आपल्या मनाने तापाचं औषध पाजायचं नाही. त्याने ताप झाकला जातो. जंतू झाकला जात नाही.”

हे वाक्य मी तुला शब्दाला शब्द लिहून दिलं आहे. मला ते चांगलं ऐकू आलं होतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेव.

मग आमच्या घराचा दवाखाना झाला. पाणी उकळलेलं. भाजी उकळलेली. काकडी कोणी उकळते का वं? आम्ही उकळली. फळ सोलायचं असलं तरच, तेही आधी धुवून. देवाची फुलं ओटीवरच्या कुंडीत, घरात नाही. आणि कूलर बंद. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करा म्हणणारी डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिली. त्या साचलेल्या पाण्यात, त्या गवताच्या ताट्यांत बुरशी असते म्हणे. पोराने तिच्या खोलीत एसी बसवला. आम्ही बाकीचे ओला टॉवेल पाठीवर टाकून फिरायचो. त्यातून मागच्या प्लॉटवर फ्लॅटची स्कीम उभी राहून राहिली, दिवसभर सिमेंटची धूळ. डॉक्टरने तेही विचारलं होतं, घराजवळ बांधकाम आहे का? बेशात बांधकाम नाही असं घर दाखव तू मला. खिडक्यांच्या फटी सुनेने चिकटपट्टीने बंद केल्या.

आणि गेटावर मी. आपल्याकडे आजारी माणसाला पाहायला न जाणं म्हणजे मोठा गुन्हा, आणि आलेल्या माणसाला गेटातून परत लावणं त्याहून मोठा. तो मी वर्षभर केला. एप्रिलात कन्हानहून माझी मोठी नणंद आली. भर दुपारी ऑटोतून उतरली, हातात नारळ, अंगाऱ्याची पुडी, पिशवीत आंबे.

“वहिनी, गेट उघड न.”

“बाई, नाही उघडत. तुम्हाले खोकला आहे.”

“खोकला? अवं, हा खोकला मले तुझ्या लग्नात होता! तेव्हा नाही परत पाठवलं?”

“तेव्हा ही पोट्टी नव्हती.”

“मी का रोग वाटत फिरून राहिली का गावभर? माझ्या भावाची नात आहे. एक डाव तोंड पाहू दे, चालली जाते.”

मी गेट उघडलं नाही. स्टीलच्या कपात चहा आणला आणि वरून दिला. ती उन्हात उभी राहून प्याली, पदराने डोळे पुसले, कप भिंतीवर ठेवला नि त्याच ऑटोने परत गेली. जाताना म्हणाली, “दरवाजा चांगला राखून राहिली. राख.” तिने मग दसऱ्यापर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं. मला वाईट वाटलं, पण आतून बरंही वाटलं, खोटं काहून बोलू? मला वाटायचं, रोग गेटातूनच येतो. मी तिथे उभी आहे तोवर पोरीला काही होत नाही.

पहिला ताप मे महिन्यात आला. शंभर पॉइंट आठ. अर्ध्या तासात आम्ही दवाखान्यात होतो. रक्त घेतलं, त्यातले जंतू वाढतात का ते पाहायला ठेवलं, सलाईनमधून औषध सुरू केलं. तीन दिवसांनी डॉक्टर म्हणाली, “काही उगवलं नाही.” शेतावरच्या बाईला उगवलं नाही म्हणजे पेरणी वाया गेली. मी तशीच दचकले. पोरगा म्हणाला, “आई, चांगलं आहे ते.” पाचव्या दिवशी ताप आपला आपण गेला.

“कशाचा होता मग?” मी विचारलं.

“सांगता येत नाही, आजी. पुष्कळदा सापडतच नाही.”

“म्हणजे आला पाहुण्यासारखा न गेला?”

ती हसली. “जाणारा पाहुणा चांगला, आजी.”

या एका ओळीवर मी पुढचे दोन महिने काढले. जूनमध्येही एकदा आला, तोही गेला. तोवर आम्हाला तो वॉर्ड माहीत झाला होता. एका सिस्टरकडे आठ-नऊ पोरं, तिला पाणी प्यायला वेळ नाही. मी तिला दोष देत नाही, मुळीच देत नाही. ती एका पोराची सुई लावून दुसऱ्याकडे धावायची, मधल्या भिंतीवर हात चोळायच्या औषधाची बाटली टांगलेली असायची, दाबली की नुसती हवा. आयाबाई एकाच बादलीच्या पाण्यात सगळा वॉर्ड पुसून काढायची. मी एकदा म्हटलं, “बाई, पाणी बदल न वं, पाय काळे झाले त्याच्यात.” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आजी, तीन वॉर्ड आहेत माह्याकडे. तुम्हीच या न मग पुसाले.” मी गेले. आमच्या पलंगाखालचं मी रोज पुसायची, घरून फिनेल नेऊन. पोरं हसायची मला.

शेजारच्या पलंगावर चार वर्षांचा एक मुलगा होता. आईबाप वर्ध्याकडच्या एका खेड्यातले. आई एवढीशी, विशी-बाविशीची, पण हाताची फार स्वच्छ. स्वतःच्या खर्चाने हात धुवायची बाटली आणून पोराच्या उशाशी ठेवली होती, आणि डॉक्टर आला तरी म्हणायची, “सर, हात.” मोठमोठे डॉक्टर तिच्यापुढे निमूट हात पुढे करायचे. माझ्या सुनेचं नि तिचं चांगलं जमलं.

जुलैत नेहमीच्या औषधासाठी नेलं होतं. ताप नव्हता, पोरगी हसत गेली होती. तिच्या दंडातून आत एक नळी घातलेली होती, प्रत्येक वेळी सुई नको म्हणून. ती अधूनमधून पाणी सोडून धुवावी लागायची. त्या दिवशी नळी धुतली आणि अर्ध्या तासात पोरगी अशी हुडहुडायला लागली की लोखंडी पलंग वाजायला लागला. मी तिच्यावर पालथी पडले. दोन गोधड्या आणि मी, तरी ती थांबेना.

या खेपेला उगवलं. डॉक्टर बाई स्वतः सांगायला आली. म्हणाली, नळीत जंतू बसला आहे, आणि हा घरातला नाही, दवाखान्यातला आहे. नेहमीच्या औषधांना तो भीत नाही, त्याला वेगळी औषधं लागतील, नळीही काढावी लागेल.

माझी सून तशी हळू बोलणारी. पण त्या दिवशी सगळ्या वॉर्डाने ऐकलं. “मॅडम, आम्ही घरी हिला काकडी उकळून दिली हो. आत्याबाईंना गेटातून परत पाठवलं. मग आम्ही पहारा कोणावर दिला?”

डॉक्टरने मान खाली घातली. “आम्ही कमी पडलो,” म्हणाली. तिने एवढं तरी म्हटलं. दुसरं कोणी म्हणालं नाही.

तीन आठवडे पोरगी तिथेच. तीन आठवडे कॅन्सरचं औषध बंद, कारण अंगात जंतू असताना ते देता येत नाही. त्याच आठवड्यांत शेजारच्या मुलालाही ताप आला. तोच जंतू का दुसरा, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. एका सकाळी मी घरून डबा घेऊन गेले तर त्याच्या पलंगाची गादी गुंडाळून ठेवलेली, आणि आयाबाई पलंग पुसून राहिली होती, स्वच्छ पाण्याने. त्याची आई जिन्यापाशी भेटली. रडत नव्हती. पिशवीतून ती बाटली काढून माझ्या सुनेच्या हातात दिली. “अर्धी आहे, ताई,” एवढंच बोलली.

घरी आल्यावर नात मला म्हणाली, “आजी, दवाखान्यात गेलं की ताप येते न?” मी म्हटलं, “नाही वं, ताप आला की दवाखान्यात जाते आपण.” तिने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. तिला जे दिसलं होतं ते तिने सांगितलं होतं. आणि खरं सांगू, मलाही आता तेच वाटायला लागलं होतं. जिथे गेल्याशिवाय वाचत नाही तिथेच मरण ठेवलेलं आहे, तर माणसाने पोर न्यायची कुठे?

आता पोळ्याचं सांगते. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा. तुला काय सांगायचं, तूही लहानपणी माझ्या दारात लाकडी बैल ओढत यायचीस न बोजारा कमी दिला म्हणून फुगून बसायचीस. माझ्या पोराच्या वेळचा बैल माळ्यावर होता. नातीने दोन आठवडे आधीपासून बापामागे लागून तो उतरवून घेतला. शिंगं रंगवली, गळ्यात मणी बांधले. तिला पोरांमध्ये जाता येत नाही हे तिला माहीत होतं. तिनेच तोड काढली होती. ती गेटाच्या आत उभी राहणार, मास्क लावून, बैल शेजारी. गल्लीतली पोरं बाहेर. आणि बोजारा तीच देणार, एकेका पोराला एकेक चॉकलेट, गजांतून. “मी घेणारी नाही, देणारी,” म्हणायची. मोठ्या लोकांसारखी.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी तिच्या कपाळाला हात लावला. थर्मामीटर लावलं. शंभर पॉइंट सहा.

तिला पॉइंटचे आकडे वाचता यायचे. शाळेत नाही शिकली, थर्मामीटरवर शिकली. तिने आकडा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. सून स्वयंपाकघरात होती. पोरगा चॉकलेटं आणायला गेलेला. रेडिओवर सांगून राहिले होते की शहरात मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीची गर्दी आहे, रस्ते बंद आहेत. आमच्या गल्लीतली पोरं ओरडत गेली, “इडा पिडा, खोकला, ताप घेऊन जाय गे मारबत!” तेव्हा तीही बिछान्यातून ओरडली, घोगऱ्या आवाजात, “माह्या ताप घेऊन जाय गे मारबत!” आणि मग हळूच मला म्हणाली, “आजी, आईले नको सांगू. फक्त आजच्या दिवस. उद्या जाऊ न आपण.”

मी थर्मामीटर बंद केलं. कपाटातून तापाचं गोड औषध काढलं नि पाजलं. कपाळावर ओली पट्टी ठेवली. आपल्या घरात ताप असाच उतरवला जातो, माझ्या आईने असाच उतरवला, मी तीन पोरांचा असाच उतरवला. पाऊण तासात तिला घाम आला, नव्व्याण्णवावर आली. सून हात पुसत आली, “किती आहे, आई?” मी म्हटलं, “नव्व्याण्णव.” तेव्हा ते खरंच होतं.

दुपारी दोनला परत चढायला लागला. मी परत पाजलं.

ती उभी राहिली वं. पाच वाजता गेटाच्या आत, नवा फ्रॉक, डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क. गल्लीतली वीसेक पोट्टी जमली, कोणाचा बैल चाकावर, कोणाचा खांद्यावर. ही एकेकाला चॉकलेट द्यायची आणि प्रत्येकाला विचारायची, “तुझा बैल काय खाते?” एक पोट्टं म्हणालं, “पेट्रोल.” ती अशी हसली की मास्क खाली घसरला. माझ्या पोराने फोनवर त्याचा व्हिडिओ काढला आहे. मी तो पाहत नाही.

सात वाजता ती जिन्याच्या पायरीवर बसली नि उठेना. ओठ निळे. हात बर्फासारखे, पोट तव्यासारखं. पोराने तिला उचलून गाडीत टाकलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा आठ वाजले होते. त्यांनी तिला माझ्या मांडीवरून घेतलं आणि काचेच्या दाराच्या आत नेलं.

तिथून पुढे कशाचाच नीट पत्ता लागला नाही. रक्त तपासलं, काही उगवलं नाही. परत तपासलं, नाही. छातीचा फोटो काढला, त्यात ठिपके दिसले. बुरशी असेल म्हणाले, बुरशीचं औषध सुरू केलं, पण बुरशी कुठे सापडली नाही. कूलरची का? आमचा तर बंद होता. मागच्या स्कीमच्या धुळीची? वॉर्डातली? जुन्या नळीतलाच एखादा जंतू कुठे लपून बसलेला? एक औषध झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. पोरगी काचेतून बाहेर आली, वॉर्डात आली, पण संध्याकाळ झाली की ताप चढायचा. गणपती गेले, दसरा गेला. कॅन्सरचं औषध बंद ते बंदच. डॉक्टर लोक पलंगाभोवती उभे राहून आपसात बोलायचे आणि जाताना आमच्याकडे पाहायचे नाहीत.

मी एक दिवस डॉक्टर बाईला व्हरांड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

“किती वाजता दिसला होता, आजी?”

“नऊला. सकाळी.”

“आणि आणलं आठला.”

“हो.”

तिने कागदावर लिहून घेतलं. पेन खिशात ठेवायला तिला वेळ लागला. मी म्हटलं, “मॅडम, त्यानेच झालं का?”

“माहीत नाही,” ती म्हणाली. “लवकर आणलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं. कदाचित नसतंही झालं. आम्हाला अजून जंतूच सापडला नाही, तर मी तुम्हाला काय सांगू?”

तिने माझी समजूत घातली नाही. घातली असती तर मी तिचं तोंड पाहिलं नसतं.

घरी येऊन सुनेला सांगितलं. हात जोडून सांगितलं. ती पोळ्या लाटून राहिली होती. लाटणं थांबलं. म्हणाली, “मला माहीत होतं.”

“काय?”

“त्या दिवशी दुपारी औषधाची बाटली पाहिली मी. पातळी खाली गेली होती. झाकण चिकट होतं.” मग कणकेकडे पाहत म्हणाली, “मी काही बोलले नाही, आई. ती फ्रॉक घालून बसली होती.”

आम्ही दोघी तिथेच ओट्याला टेकून उभ्या राहिलो. तवा तापत राहिला. तिने मला माफ केलं असं तुला वाटलं तर तसं नाही. मी तिला केलं असंही नाही. आम्ही एकमेकींना दिसलो, एवढंच झालं. तेव्हापासून ती माझ्याशी चांगलं वागते, आणि त्या चांगल्या वागण्याची मला भीती वाटते. पोराला आम्ही दोघींनीही सांगितलं नाही. हे वाचशील तेव्हा तूही सांगू नकोस.

डिसेंबरात तिच्या हाडातलं पाणी तपासलं. रोग परत आला होता. इतके महिने औषध बंद, त्याला मोकळं रान मिळालं. परत सगळं पहिल्यापासून, आणखी जोराचं द्यावं लागलं असतं, आणि ते झेलायला अंगात काही उरलेलं नव्हतं. आम्हाला तिघांना एका लहान खोलीत बसवलं. टेबलावर डोळे पुसायच्या कागदांचा डबा होता, तो पाहिला तेव्हाच मला कळलं. डॉक्टर बाई म्हणाली, आता त्रास होऊ नये एवढंच पाहू. घरी न्या. मग पोराने विचारलं, “काय काय पाळायचं?” एवढं सगळं ऐकूनही तो तेच विचारत होता, वही काढून.

“आता काही पाळू नका,” ती म्हणाली. “जे मागेल ते खाऊ द्या. लोकांना भेटू द्या.”

सून म्हणाली, “म्हणजे कोणीही आलं तरी चालेल?”

“चालेल.”

वर्षभर मी त्या एका शब्दाची वाट पाहत होते. मला वाटायचं, ज्या दिवशी डॉक्टर म्हणेल ‘आता लोक आले तरी चालेल’, त्या दिवशी मी सगळ्या गल्लीला पुरणपोळी घालीन. तो शब्द असा मिळेल हे माझ्या मनात कुठेच नव्हतं.

मी पहिला फोन नणंदेला केला. ती दुसऱ्याच दिवशी आली. मास्क नाही, काही नाही. नात तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. वर्षभर पोरीने घराबाहेरच्या माणसाचं अर्धंच तोंड पाहिलं आहे, डोळ्यांपासून वरचं.

“आत्याआजी, तुले दात नाहीत?”

“होते वं. तुझ्या आजीने एवढे दिवस गेटावर उभं ठेवलं, वाट पाहता पाहता पडून गेले.”

पोरगी हसली. मग खोकली. मग तिला धाप लागली, आणि आम्ही तिला उशीला टेकवून बसवलं. नणंदबाई स्वयंपाकघरात आली, नळ मोठा सोडला आणि त्याच्या आवाजात रडून घेतलं. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

आता रोज कोणी ना कोणी येतं. शाळेतली मॅडम आली. गल्लीतली पोट्टी आली, पलंगाभोवती बसून पत्ते खेळली, हिला दोनदा जिंकू दिलं, तिसऱ्यांदा तिनेच ओळखलं नि रागावली. ताप अजून येतो. कशाचा ते अजून कोणाला माहीत नाही. आम्ही आता मोजत नाही, तिला गरम वाटलं की औषध देतो, तेच गोड औषध. माझ्या हाताने मी देत नाही. सून देते.

तू आली नाहीस. मला कळतं, तुला भीती वाटते की काय बोलायचं. काही बोलू नकोस. तिच्या नखांना रंग लावून दे, तिला तुझ्या लग्नातल्या तुझ्या नखांचा फोटो फार आवडतो, दहा वेळा विचारून झालं की ही आत्या कुठी राहते. सकाळी दहाच्या आत ये, तेव्हा ती जागी असते, बोलते. दुपारनंतर झोपेत असते आणि संध्याकाळी ताप चढतो. खायला काही आणू नकोस, ती दोन चमचे खाते नि पुरे म्हणते. रडायचं असलं तर स्कूटीवर रडून घे, हेल्मेटात कोणाला दिसत नाही. आणि ‘पुढच्या रविवारी येते’ असं मला म्हणू नकोस वं, पुढच्या रविवारचं मला काही माहीत नाही. उद्या ये. गेट उघडंच असते.